सुटकेनंतरचे तीन आठवडे : मानवी तस्करी, गृहचौकशी आणि पुनर्वसन

प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 23 ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांस मनाई केली आहे. स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापाराचे दमन करणारा कायदा 1956 साली संमत झाला आणि 1986 च्या दुरुस्तीनंतर तो ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. भारतीय दंड संहितेच्या कलम 370 मध्ये 2013 साली तस्करीची व्यापक व्याख्या आली. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 ने घेतली आहे. तरतुदींची ही मालिका लहान नाही. तथापि वर्तमानपत्रांतील वृत्त असो वा चर्चासत्रातील निबंध, विवेचन बहुधा पोलिसांच्या छाप्यापाशी येऊन थांबते. छाप्यात सापडलेली मुलगी पुढे कोणाच्या स्वाधीन करावयाची, हा प्रश्न मात्र त्यानंतरच सुरू होतो. लैंगिक शोषणासाठी होणाऱ्या तस्करीच्या संदर्भात प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

1996 चा अनुभव

फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईतील वेश्यावस्तीत मोठी कारवाई होऊन चारशेहून अधिक मुली व स्त्रिया सोडविण्यात आल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या लक्षणीय होती. एवढ्या मुली एकाच वेळी ठेवण्याची तयारी शासकीय गृहांत नव्हती, आणि नेपाळ सरकारही त्यांना परत घेण्यास प्रारंभी उत्सुक नव्हते. अखेर स्वयंसेवी संस्थांच्या पुढाकाराने काही महिन्यांनी सव्वाशेच्या सुमारास मुली मायदेशी पोहोचल्या. त्यांच्यापैकीच काही जणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभारली. तिला 2013 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना ‘पीडित’ म्हणून ट्रकांत बसवून नेले, त्यांनीच पुढे इतर मुलींच्या पुनर्वसनाचे काम हाती घेतले, ही बाब पुनर्वसनाच्या शासकीय कल्पनेत अद्याप पुरेशी मुरलेली दिसत नाही.

गृहचौकशीची तरतूद

सोडविलेल्या व्यक्तीस दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केल्यावर अधिनियमाच्या कलम 17 नुसार चौकशी करावयाची असते. तिचे वय, पूर्वेतिहास, आईवडील, पालक अथवा पती हे तिला सांभाळण्यास योग्य आहेत काय, आणि घरच्या परिस्थितीचा तिच्यावर काय परिणाम होईल, या बाबी परिवीक्षा अधिकाऱ्यामार्फत तपासावयाच्या असतात. या चौकशीसाठी तिला अंतरिम ताब्यात ठेवण्याची मर्यादा तीन आठवडे आहे. चौकशीअंती आवश्यक वाटल्यास एक ते तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देता येतो. दंडाधिकाऱ्यांच्या साहाय्यासाठी पाच प्रतिष्ठित नागरिकांचे मंडळ बोलाविता येते आणि शक्यतो त्यांत तीन स्त्रिया असाव्यात, असेही कायदा सांगतो.

कागदावर ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. अडचण व्यवहारात येते. मुलगी मुंबईत सापडते. तिचे गाव पश्चिम बंगालमध्ये, झारखंडमध्ये किंवा सीमेपलीकडे असते. तिने सांगितलेले नाव व पत्ता बरेचदा दलालाने पढविलेला असतो. तीन आठवड्यांत तेथे कोणी जावयाचे, कोणत्या भाषेत विचारावयाचे आणि दारात उभा राहिलेला ‘काका’ खरा की खोटा हे कसे ओळखावयाचे? ज्या घरातून तिला विकले, त्याच घराच्या योग्यतेचा दाखला एका भेटीत मिळविणे म्हणजे चौकशी नव्हे. तो केवळ सोपस्कार होय.

या दुर्बलतेचा लाभ कोण घेतो, हे 2002 साली मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या ‘प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात स्पष्ट झाले. आरोपींची बाजू मांडणारा वकीलच सोडविलेल्या मुलींच्या मुक्ततेसाठीही धाव घेत होता. न्यायालयाने ही प्रथा मोडीत काढली. दलाल वा कुंटणखान्याच्या चालकासाठी उभ्या राहणाऱ्या वकिलास त्याच प्रकरणात पीडितेचे वकीलपत्र घेता येणार नाही; अठरा वर्षांखालील मुलीचे प्रकरण बालकल्याण समितीपुढेच जाईल; परिवीक्षा अधिकाऱ्याची चौकशी पूर्ण झाल्याविना आणि पालक योग्य ठरल्याविना तिला सोडता येणार नाही, असे दंडक घालून दिले. याचिका करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेचा कामाठीपुऱ्यातील अनुभव येथे उपयोगी पडला. प्रीती व प्रवीण पाटकर यांनी 1986 साली स्थापन केलेल्या या संस्थेने 1988 मध्ये तेथील स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रनिवारा सुरू केला होता. आईच्या व्यवसायाच्या वेळी मूल सुरक्षित जागी झोपले, तर दुसरी पिढी त्यात ओढली जाण्याची शक्यता कमी होते, इतका साधा त्यामागचा विचार होता. प्रतिबंधाच्या बाबतीत भव्य जनजागृती मोहिमांपेक्षा असे उपाय अधिक परिणामकारक मानावे लागतात.

सज्ञान स्त्रीचा प्रश्न

अल्पवयीन मुलीस जे संरक्षण ठरते, तेच सज्ञान स्त्रीस बंदिवास ठरू शकते. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांच्या मुक्ततेचा आदेश दिला. त्यांच्या समाजात मुलींना या व्यवसायात पाठविण्याची रूढी असल्याचे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात आले होते आणि त्या आधारे दंडाधिकाऱ्यांनी त्यांना आईकडे न सोपविता वर्षभर संस्थेत ठेवण्याचे ठरविले होते. उच्च न्यायालयाने म्हटले की, वेश्याव्यवसाय हा या अधिनियमाखाली स्वतः गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध असे डांबता येणार नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही संरक्षणगृहांचे सर्वेक्षण करून तेथे इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या प्रकरणांचा कालमर्यादेत निपटारा करण्याचे निर्देश राज्यांना दिले.

दोन्ही निर्णय परस्परविरोधी नाहीत. पहिल्यात चौकशी टाळली गेल्याची चिंता आहे. दुसऱ्यात चौकशी झाली, परंतु ती स्त्रीची न होता तिच्या जातसमूहाची झाली, हा दोष आहे. तिला स्वतःला काय हवे, हा रकाना अहवालात नसेल तर अहवाल कितीही तपशीलवार असो, तो अपुराच राहतो.

महाविद्यालयांचा सहभाग

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीडितांबरोबरच दलाल, कुंटणखान्यांचे चालक, ग्राहक आणि पोलीस यांच्याही मुलाखती घेण्यात आल्या होत्या. महाविद्यालयीन संशोधन मात्र अजूनही पीडितेच्या करुणकहाणीभोवतीच फिरते. एकाच मुलीस तीच हकिकत पुनःपुन्हा सांगावयास लावणे हे संशोधनाच्या नावाखालील दुसरे शोषण होय. त्याऐवजी मुलगी ज्या तालुक्यातून जाते, तेथील शाळागळती, बालविवाह आणि हंगामी स्थलांतर यांच्या नोंदी ठेवणे ग्रामीण महाविद्यालयांस सहज शक्य आहे. अधिनियमाचे कलम 17-क पालकांची पात्रता मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेमार्फत तपासण्याची मुभा देते. समाजकार्य विभागांनी अशा संस्थांशी क्षेत्रकार्याचा संबंध जोडल्यास, गावाची बोली आणि वाट ठाऊक असलेला मनुष्य त्या तीन आठवड्यांत चौकशीस उपलब्ध होऊ शकेल. मात्र ही भेट सरकारी जीपने आणि गणवेशातील शिपायासह होऊ नये. मुलगी कोठे सापडली, हे गावास त्यावरूनच कळते.