क्लचच्या चकत्या बसवितांना

मी कांहीं यंत्रविद्येचा पंडित नव्हे. सारें आयुष्य शाळेंत भूमिति आणि भूगोल शिकविण्यांत गेलें. मोटारसायकल स्वतः दुरुस्त करण्याचा नाद निवृत्तीनंतर लागला, आणि त्या विद्येची फी मीं पुरेपूर भरली आहे.

दोन वर्षांपूर्वीं चिपळुणाहून कऱ्हाडकडे येत असतां कुंभार्ली घाटांत आमची गाडी चढेना. इंजिन गर्जत होतें, पण चाक रेंगाळत होतें. मागें सौ. बसलेल्या, आणि त्यांच्याही मागें एक भरलेला मालट्रक भोंगा वाजवीत आलेला! अखेर दोघेंही उतरलों आणि पुढच्या वळणापर्यंत गाडी ढकलीत नेली. क्लच घसरत होता, आणि त्याच्या चकत्या आदल्याच आठवड्यांत मीं माझ्या हातानें बसविल्या होत्या.

क्लचचें काम समजावयास एक शाळेंतला प्रयोग पुरे आहे. दोन वह्यांची थोडींशीं पानें एकाआड एक गुंफून वरून तळहातानें दाबा. वह्या ओढून सुटत नाहींत. हात उचला, कीं सुटूं लागतात. क्लचमध्यें लायनिंग लावलेल्या चकत्या आणि साध्या पोलादी चकत्या अशाच एकाआड एक रचलेल्या असतात. लायनिंगवाल्यांचे बाहेरचे कान इंजिनानें फिरणाऱ्या बास्केटच्या खांचांत बसतात. पोलादी चकत्यांचे आंतले दाते गिअरकडे जाणाऱ्या हबवर बसतात. वरून प्रेशर-प्लेट आणि स्प्रिंगा दाब देतात. आपण मुठीपाशीं दांडी ओढतों, तेव्हां तो दाब उचलला जातो, इतकेंच.

आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत हा सर्व संसार इंजिनाच्या तेलांतच चालतो. माझी पहिली चूक तेथेंच झाली. नव्या चकत्या मीं पुडक्यांतून काढल्या तशा कोरड्याच बसविल्या. लायनिंग तेलानें भिजलेलें नसेल, तर पहिल्या कांहीं मिनिटांतच तें तापून करपतें आणि त्याच्या पृष्ठभागावर कांचेसारखी चकाकी येते. मग तें पकड घेत नाहीं. म्हणून जें तेल इंजिनांत घालावयाचें, त्याच तेलांत नव्या चकत्या रात्रभर बुडवून ठेवाव्या. दुसरी चूक तेलाची. घरांत मोटारीचें तेल शिल्लक होतें, तें काटकसर म्हणून ओतलें! कित्येक मोटारींच्या तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात. मोटारीला तीं उपकारक, पण तेलांत बुडालेल्या क्लचला घातक. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ अशी खूण पाहूनच तेल घ्यावें.

घाटांतून आल्यावर पुनः नव्या चकत्या आणल्या. त्या भिजविल्या, रीतसर रचल्या, आणि आतां सर्व साधलें अशा समाधानांत बोल्ट आवळूं लागलों. एक बोल्ट पुरता आवळला, मग शेजारचा. तोंच ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. हबवर बोल्टसाठीं जे ॲल्युमिनियमचे खांब असतात, त्यांपैकीं एक तडकला होता. प्रेशर-प्लेटचे दाते हबच्या खांचांत बसलेच नव्हते. ती तिरपी राहिली होती, आणि मीं तिला बोल्टच्या जोरानें ओढून बसवूं पाहत होतों. खांब एक तुटला, पण हब सबंध नवें घ्यावें लागलें.

तेव्हां प्रेशर-प्लेट प्रथम नुसत्या हातानें बसवावी. ती किंचित् फिरवून पाहिली असतां दाते जागेवर पडल्याचें बोटांना कळतें, आणि चकत्यांचा गठ्ठा तिच्याखालीं चपखल दाबला जातो. मग स्प्रिंगा ठेवून सर्व बोल्ट हातानेंच चार-दोन आटे फिरवावे. पुढें समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनें, दर खेपेस थोडथोडे आवळावे. सहा मिलिमीटरच्या बोल्टला सुमारें १० न्यूटन-मीटर ताण पुरतो, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे! नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो.

जुने भाग काढतांनाच कांहीं गोष्टी पाहून ठेवाव्या. कांहीं गाड्यांत सर्वांत बाहेरच्या चकतीचे कान वेगळ्या, आंखूड खांचांत बसतात. म्हणून क्रम कागदावर टिपावा. बास्केटच्या खांचांच्या कडांवर कानांनीं घरें पाडलीं असतील, तर नव्या चकत्याही तेथें अडखळतात. पोलादी चकती सपाट कांचेवर ठेवून वांकली आहे का तें पाहावें. निळसर डाग म्हणजे ती तापून गेली आहे. मधला नट सोडवितांना गिअरच्या दात्यांत स्क्रू-ड्रायव्हर खुपसण्याची पुष्कळांना खोड असते. दाता उडाला म्हणजे ती जाते. हब धरण्याचें हत्यार थोडक्या पैशांत मिळतें. कव्हरचें जुनें गॅस्केटही पोलादी पात्यानें खरवडूं नये. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला, कीं तेथून तेल झिरपूं लागतें.

सर्व झाल्यावर दांडीच्या टोंकाशीं मोकळीक तपासावी. पुष्कळ गाड्यांत ती १० ते २० मिलिमीटर असते. लायनिंग झिजतें तसतशी ही मोकळीक कमी होत जाते, आणि ती अजिबात उरली नाहीं तर दाब पुरा बसत नाहीं. क्लच पुन्हां घसरूं लागतो. म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर केबल एकवार पाहावी. माझी तेवढ्यांत दोन पेरें सैल करावी लागली होती.