दिवे मालवून उगवणारे नववर्ष

२२ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रात घरोघरी गुढी उभारली गेली आणि शालिवाहन शके १९४५ चा प्रारंभ झाला. त्याच दिवशी, हजारो किलोमीटर दूर, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेल्या इंडोनेशियातील बाली बेटावरही शक १९४५ सुरू झाले. कालगणना एक, वर्षाचा आकडा एक, दिवसही एक. परंतु दोन्हीकडचे दृश्य मात्र एकमेकांच्या अगदी उलट. येथे रस्त्यांवर शोभायात्रा, ढोलताशे आणि सराफ बाजारात मुहूर्ताच्या खरेदीची दाटी. तेथे रस्त्यावर माणूस नाही, पेठेतील प्रत्येक दुकानाला कुलूप, घरात दिवा नाही आणि आंतरराष्ट्रीय विमानतळाची धावपट्टी चोवीस तास रिकामी.

बालीच्या या नववर्षदिनाचे नाव 'न्येपी'. 'सेपी' म्हणजे निःशब्द, सुने. त्यावरून हा शब्द आला आहे. उष्ण कटिबंधातील बेटांवरचे उत्सव म्हटले की नाचगाणे, सागरतीरावरची आतषबाजी आणि पर्यटकांची झुंबड असेच चित्र मनासमोर उभे राहते. जगातील बहुतेक बेटांनी आपले सण त्याच साच्यात बसवून घेतले आहेत, कारण त्यातून पैसा येतो. बालीचाही चरितार्थ पर्यटनावरच चालतो. असे असताना वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी हे बेट आपल्या गिऱ्हाइकालाच सांगते, की आज दार बंद आहे.

शककालगणना तेथे कशी पोहोचली, हा मोठा रंजक इतिहास आहे. सुमात्रा बेटावरील इ. स. ६८२ च्या शिलालेखात शकवर्षाचा उल्लेख आहे, तर बालीच्या सानूर गावी इ. स. ९१४ चा कोरीव स्तंभ आजही उभा आहे. समुद्रमार्गे मालाबरोबर पंचांगही गेले, असे म्हणावयास हरकत नाही. आज इंडोनेशियातील दिनदर्शिकांवर न्येपीच्या दिवशी नव्या शकाचा आकडा छापलेला असतो, आणि तो मराठी पंचांगातल्या आकड्याशी तंतोतंत जुळतो. तिथी मात्र दरवर्षी जुळेलच असे नाही. दोन्ही गणना चांद्रमासावर चालतात, पण अधिक मास धरण्याच्या रीती वेगळ्या आहेत. त्यामुळे २०२० आणि २०२३ साली न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी आले, २०२५ साली एका दिवसाचे अंतर पडले, तर २०२४ साली न्येपी जवळजवळ महिनाभर आधी येऊन गेली. आणखी एक गंमत अशी, की बालीचे वर्ष ज्या महिन्याच्या प्रतिपदेला बदलते, त्या महिन्याचे नावच 'दहावा' असे आहे.

न्येपीच्या दिवशी पाळावयाची चार व्रते सांगितली आहेत. 'अमाति गेनी', म्हणजे अग्नी आणि दिवा न पेटविणे; 'अमाति कार्य', म्हणजे कामधंदा न करणे; 'अमाति ललुङान', म्हणजे घराबाहेर न पडणे; आणि 'अमाति ललाङुवान', म्हणजे करमणुकीपासून दूर राहणे. सकाळी सहा वाजता प्रारंभ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता समाप्ती. निष्ठावान मंडळी याला उपवास आणि मौनाचीही जोड देतात. मौनाला तेथे 'मोना ब्रता' म्हणतात. 'गेनी' हा आपला अग्नी, 'ब्रता' हे आपले व्रत, आणि 'कार्य' तर जसेच्या तसे. हे शब्द ऐकताना मराठी कानाला परकेपणा वाटतच नाही.

पौषधाची चार अंगे ज्यांना पाठ आहेत, त्यांना येथे 'अव्यापार' आठवल्याशिवाय राहणार नाही. ललुङानाचा नियम वाचताना देशावकाशिक व्रतातील क्षेत्रमर्यादाही आठवेल. दोन्ही परंपरांचा उगम एक आहे असा याचा अर्थ नव्हे, आणि तशी ओढाताण करण्याचे कारणही नाही. फरक महत्त्वाचा आहे. पौषध हे श्रावकाने स्वेच्छेने, वैयक्तिकरीत्या घ्यावयाचे व्रत. शेजारच्या दुकानदाराने त्या दिवशी दुकान उघडले तर त्याला कोणी अडवीत नाही. न्येपी मात्र संपूर्ण बेटाचे व्रत आहे. सुमारे ४३ लाख लोकवस्ती, त्यांत सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास हिंदू, आणि क्षेत्रफळ कोल्हापूर जिल्ह्यापेक्षाही कमी. तेवढ्या भूमीवर त्या दिवशी श्रद्धाळू, अश्रद्ध, परधर्मी आणि परदेशी, सर्वांनाच घरात बसावे लागते.

या शांततेच्या आधीचे दिवस मात्र विलक्षण गजबजलेले असतात. दोन-चार दिवस आधी 'मलास्ती'च्या मिरवणुका निघतात. गावोगावच्या मंदिरांतील पवित्र प्रतिमा (तेथेही शब्द 'प्रतिमा' हाच) पांढऱ्या-पिवळ्या छत्रांखाली समुद्रतीरी किंवा सरोवराकाठी नेऊन शुद्ध केल्या जातात. स्त्रियांच्या डोक्यावर नैवेद्याच्या उतरंडी, पुरुषांच्या डोक्याला पांढरे फेटे आणि सोबत गामेलानचा नाद. वर्षाखेरच्या अमावास्येला 'तावुर' हा विधी होतो. पंचमहाभूते आणि अशुभ शक्ती यांना तृप्त करून समतोल राखणे हा त्याचा हेतू सांगितला जातो. या विधीत कोंबड्या आणि बदके, मोठ्या स्थानी तर रेडाही, असे जीव बळी दिले जातात. न्येपीच्या गौरवपर लेखनात हा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळू नये. दुसऱ्या दिवशीची अहिंसक निःशब्दता आणि आदल्या दिवशीचे हे रक्त एकाच उत्सवाची दोन अंगे आहेत, आणि जैन वाचकाला ते मान्य होणार नाही हे उघड आहे.

त्याच संध्याकाळी 'ओगोह-ओगोह' निघतात. दोन-तीन मजली उंचीच्या, विक्राळ दातांच्या आणि फुगलेल्या डोळ्यांच्या राक्षसमूर्ती बांबूच्या चौकटीवर उभ्या करून, पंचवीस-तीस तरुणांच्या खांद्यांवरून चौकाचौकांत फिरविल्या जातात. मशाली पेटतात, भांडी बडविली जातात, कानठळ्या बसतात. दुष्ट शक्तींनी जागे व्हावे, पण दुसऱ्या दिवशी बेटावर कोणीच नाही असे समजून निघून जावे, अशी लोकांची कल्पना. पुष्कळ ठिकाणी मूर्ती रात्री जाळून टाकतात. हा प्रकार फार प्राचीन असावा असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्याला आजचे रूप आले ते १९८० च्या दशकात. १९८३ साली न्येपीला राष्ट्रीय सुट्टी मिळाली आणि त्यानंतर या मूर्ती गावोगाव पसरल्या.

त्या घडविण्याचे काम वस्तीतील युवकमंडळ करते. त्याच्या नावातच 'तरुणा-तरुणी' हे शब्द आहेत. कित्येक आठवडे आधीपासून रात्री जागून बांबू तासणे, वेताची वीण, कागदाचे थर, रंग, घराघरांतून वर्गणी, शेजारच्या वस्तीची मूर्ती आपल्याहून उंच तर नाही ना, ही चोरटी चौकशी. पुण्या-मुंबईच्या गणेशोत्सवात वाढलेल्या माणसाला यातील काहीही समजावून सांगावे लागणार नाही. मध्यंतरी थर्माकोलचा सुळसुळाट झाला होता. हलका, स्वस्त, कोरायला सोपा. पण जाळला की विषारी धूर. बालीच्या राज्यपालांनी २०१८ च्या आदेशाने थर्माकोलवर आणि एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. मंडळे पुन्हा बांबू-वेताकडे वळली. कारागिरी त्यामुळे घटली नाही, उलट वाढली.

आणि मग पहाट होते, आणि सर्व काही थांबते.

व्यापारी कुटुंबातील वाचकाच्या मनात येथे साहजिकच हिशेब येईल. न्गुराह राय विमानतळावरून त्या दिवशी शेकडो उड्डाणे रद्द राहतात. केवळ तातडीच्या वैद्यकीय कारणासाठी विमान उतरू शकते. जावाकडून येणाऱ्या नौकांचा गिलिमानुक धक्का बंद. दुकाने, उपाहारगृहे, पेट्रोल पंप, टॅक्सी बंद. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपणही बंद. २०१९ साली या बेटावर साठ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले होते. त्या प्रमाणात एका दिवसाच्या उलाढालीवर पाणी सोडणे म्हणजे काय, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला सांगावयास नको. शिवाय हा तोटा सर्वांना सारखा झेपत नाही. मोठ्या हॉटेलाच्या खोल्या त्या दिवशीही भरलेल्या असतात. रोजच्या विक्रीवर चूल पेटविणाऱ्या रस्त्याकडेच्या खाणावळीवाल्याला मात्र दोन दिवस आधीच तरतूद करून ठेवावी लागते. तरीही न्येपी रविवारी सरकवा, किंवा निदान विमानतळ तरी चालू ठेवा, अशी मागणी बालीत मूळ धरू शकलेली नाही.

याचे कारण 'बंजार' या संस्थेत आहे. बंजार म्हणजे वस्तीतील कुटुंबांची पंचायत. लग्न, अंत्यविधी, मंदिराची डागडुजी, गावजेवण, सारे काही तिच्यामार्फत होते. प्रत्येक घराने श्रमदान करावयाचे असते, आणि जो करीत नाही त्याच्या घरच्या अडचणीला कोणी धावत नाही. न्येपीच्या दिवशी रस्त्यावर फिरण्याची मुभा असते ती प्रामुख्याने वस्तीच्या रक्षकांना, म्हणजे 'पेचालांगां'ना. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र गुंडाळलेले हे रक्षक एखाद्या खिडकीतून प्रकाश बाहेर आला तर दारावर थाप देऊन दिवा झाकण्यास सांगतात. रुग्णवाहिका आणि बाळंतिणीची गाडी मात्र ते स्वतः वाट काढून पुढे नेतात. शासनाचे पोलीस येथे दुय्यम असतात. ज्या समाजाची पंचायत वर्षभर जिवंत असते, त्यालाच एका दिवसाची अशी शिस्त शक्य होते. केवळ फर्मान काढून हे साधत नाही.

अर्थात सक्तीचा प्रश्न उरतोच. २०२३ साली निर्बंध मोडून बाहेर पडलेल्या पोलंडच्या दोन पर्यटकांना मायदेशी परत पाठविण्यात आले. त्याच वर्षी उत्तर बालीतील एका गावात काही मुस्लिम रहिवाशांनी किनाऱ्याकडे जाणारे बंद फाटक उघडायला लावले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि दोघांना शिक्षा झाली. दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. २०२३ आणि २०२४, अशी सलग दोन वर्षे रमझानची पहिली तरावीह नमाज न्येपीच्या रात्रीच आली. दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांनी आधीच बसून ठरविले: ध्वनिक्षेपक नको, वाहन नको, घरी किंवा जवळच्या मशिदीत पायी जाऊन नमाज पढावी. रात्र शांततेत पार पडली. शेजारधर्म हा असा तपशिलांत ठरवावा लागतो, निव्वळ सदिच्छेने भागत नाही.

नव्या काळाने एक अडचण उभी केली. घराचे दार बंद असले तरी हातातला मोबाइल उघडाच असतो; मग करमणूकत्यागाच्या व्रताचे काय? २०१८ साली प्रथमच संपूर्ण बेटावरील मोबाइल इंटरनेट न्येपीपुरते बंद ठेवण्यात आले. रुग्णालये आणि सुरक्षा यंत्रणा यांना वगळले होते. तरुण कुरकुरले, ते साहजिकच होते. पर्युषणात मुलांच्या हातून मोबाइल सोडविताना ज्या आईवडिलांची दमछाक होते, त्यांना मात्र या निर्णयाचा हेवाच वाटेल.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. शांततेलाही आता गिऱ्हाईक मिळू लागले आहे. हॉटेले न्येपीच्या दोन-तीन रात्रींचे खास दर जाहीर करतात: पडदे ओढलेल्या भोजनगृहात जेवण, योगवर्ग, आणि रात्री दिव्यांचा अडसर नसल्याने ताऱ्यांनी खच्चून भरलेले आकाश. यात बालीच्या माणसाचे काही बिघडते का? तसे नाही, काहींना रोजगारही मिळतो. पण पाहुण्याने दिवा कमी ठेवावा म्हणून मंद उजेडात त्याच्यापुढे ताट मांडणारा नोकर त्या दिवशी 'अमाति कार्य' पाळू शकत नाही. आपल्याच नववर्षाच्या दिवशी तो कामावर असतो.

२०२० साली न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २५ मार्चला आले. भारतात त्याच दिवसापासून टाळेबंदी लागू झाली होती. इकडची शोभायात्रा निघाली नाही, तिकडचे ओगोह-ओगोहही रद्द झाले. न्येपी संपल्यावरही लोकांनी आणखी एक दिवस घरातच राहावे, अशी सूचना बालीच्या प्रशासनाने दिली. पुढचे महिने कठीण गेले. पर्यटक आटले, त्या वर्षी बेटाची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून अधिक आक्रसली, हॉटेलांतील असंख्य कामगार गावी परतून शेतीला लागले. एक दिवस स्वतः होऊन दार लावणे आणि महिनोन्महिने दार लागून राहणे, या दोहोंतला फरक बालीने सोसून पाहिला. तरी पुढच्या वर्षी, पर्यटक नसताना आणि बंद ठेवण्यासारखे फारसे काही उरलेले नसतानाही, १४ मार्च २०२१ रोजी न्येपी नेमाने पाळली गेली.

व्रत सुटते त्या दिवसाला 'न्गेंबाक गेनी' म्हणतात, म्हणजे अग्नी पुन्हा मोकळा करणे. सकाळी सहानंतर चुली पेटतात, रस्त्यावर पहिली दुचाकी दिसते, धावपट्टीवर विमान उतरते. परंतु दुकान उघडण्याची घाई प्रत्येकालाच नसते. कुटुंबातील धाकटी मंडळी वडीलधाऱ्यांकडे, आप्त एकमेकांकडे आणि शेजारी शेजाऱ्यांकडे जातात. सरलेल्या वर्षात कळत-नकळत झालेल्या अपराधांची क्षमा मागतात आणि देतात.