सोसायटीच्या कचेरीतील संगणकांचे पत्ते
आपोआप मिळणारा पत्ता मिळेनासा झाल्यास काय करावे?

गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा कारभार पूर्वी कीर्द, खतावणी आणि पावतीपुस्तक यांवर चालत असे. आता तो झपाट्याने संगणकावर येत आहे. देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण करण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली व त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठरविली. त्यामुळे ज्या कचेरीत काल एक लाकडी कपाट व दोन टेबले होती, तेथे आज दोन-तीन संगणक, एक छपाई यंत्र आणि या सर्वांना जोडणारा राउटर दिसू लागला आहे.

कीर्द हरवली तर ती शोधता येते. परंतु संगणक एकमेकांशी बोलेनासे झाले म्हणजे कचेरीतील जाणती माणसेही हतबल होतात. मार्चअखेरचे दिवस डोळ्यांसमोर आणावेत. पीककर्जाची मुदतीत फेड करणाऱ्या सभासदास व्याजात सवलत मिळते, म्हणून कचेरीत रांग लागलेली आहे. पहिल्या टेबलावरील संगणक चालतो, त्यावरून पावतीही छापली जाते. पण दुसऱ्या टेबलावर, जेथे रोकड स्वीकारली जाते, तेथील संगणकावर खातेच उघडत नाही. "भाऊसाहेब, माझा भरणा आजच्या तारखेला पडेल ना?" असा प्रश्न रांगेतील म्हातारा सभासद गटसचिवांना विचारतो. तालुक्याहून कारागीर येण्यास दोन दिवस लागणार असतील, तर या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

अशा प्रसंगी बिघाड पुष्कळदा यंत्रात नसतो. तो पत्त्यात असतो. पत्त्याचा दोष कसा ओळखावा हे ज्यास समजले, त्यास तो अर्ध्या तासात काढता येतो.

पत्ता म्हणजे काय?

शिवारातील प्रत्येक जमिनीस जसा गट नंबर, तसा जाळ्यातील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. प्रचलित पद्धतीत तो चार आकड्यांचा असून प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधील असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०४. कचेरीच्या किंवा घराच्या आतील वापरासाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ ने आरंभ होणारे, १० ने आरंभ होणारे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते हे या वर्गातील होत. लहान कचेरीत बहुधा पहिल्या वर्गातील पत्ते आढळतात. तेथे पहिले तीन आकडे सर्व यंत्रांचे सारखे व शेवटचा आकडा प्रत्येकाचा निराळा असतो.

पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी यंत्रास ठाऊक असाव्या लागतात : आपल्या जाळ्याची हद्द कोठपर्यंत आहे, हद्दीबाहेर जाण्याचा दरवाजा कोणता, आणि नावावरून पत्ता सांगणारा नामनिर्देशक कोणता. हद्द सांगणाऱ्या आकड्यास सबनेट मास्क, दरवाजास गेटवे आणि नामनिर्देशकास डीएनएस अशी नावे आहेत. या चारपैकी एक जरी चुकली तरी काम अडते.

पत्ता कोण वाटतो?

हे सारे आकडे प्रत्येक यंत्रात हाताने भरणे शक्य आहे, परंतु त्यात चुका होतात. यंत्रांस पत्ते आपोआप देण्याची बूटपी नावाची पद्धत १९८५ मध्ये निघाली. तिच्यात सुधारणा होऊन १९९३ मध्ये डीएचसीपी ही पद्धत आली आणि १९९७ मध्ये तिला आजचे रूप मिळाले. लहान कचेरीत पत्ते वाटण्याचे हे काम बहुधा राउटरच करतो.

व्यवहार चार बोलांत पुरा होतो. संगणक सुरू होताच "पत्ता देणारा कोणी आहे काय?" अशी हाक सर्व जाळ्यात देतो. राउटर "हा पत्ता मोकळा आहे" असे सांगतो. संगणक "तोच मला द्यावा" अशी मागणी करतो. आणि राउटर "दिला" असे म्हणून मुदत ठरवून देतो. ही मुदत महत्त्वाची होय. पत्ता मालकी हक्काने मिळत नाही. जमीन खंडाने द्यावी तसा तो ठराविक काळापुरता मिळतो. निम्मी मुदत सरली की संगणक ती वाढवून मागतो. उत्तर न मिळाल्यास सात-अष्टमांश मुदत सरल्यावर तो जाळ्यातील कोणाही वाटपकर्त्याकडे मागणी करतो, आणि तरीही दाद लागली नाही तर मुदतीअखेर पत्ता सोडून देतो. म्हणूनच काही बिघाड आज घडतो आणि दोन दिवसांनी दिसतो.

तपासणीचा क्रम

घाईने सर्व तारा ओढून पुन्हा खोचणे हा उपाय नव्हे. पुढील क्रमाने तपासणी केल्यास कारण हाती लागते.

१. अडचण एका यंत्रास आहे की सर्वांस, हे प्रथम पाहावे. सर्वच यंत्रे अडली असतील तर राउटर किंवा बाहेरून येणारी लाईन यांकडे पाहावे. एकच यंत्र अडले असेल तर लाईनला दोष देण्यात अर्थ नाही. ते यंत्र, त्याची केबल व त्याचा पत्ता तपासावा.

२. केबल दोन्ही टोकांस घट्ट बसली आहे काय व तेथील दिवा लागतो काय ते पाहावे. दिवा लागत नसेल तर चांगली चालणारी केबल लावून पाहावी. उंदराने कुरतडलेली केबल बाहेरून पुष्कळदा धड दिसते. वीज गेल्यानंतर सर्व यंत्रे एकदम सुरू झाली असतील तर राउटर तयार होण्यापूर्वीच संगणकाने हाक दिलेली असणे संभवते. यास्तव आधी राउटर सुरू करावा, दोन-तीन मिनिटे थांबावे व मग संगणक सुरू करावा.

३. आता संगणकास कोणता पत्ता मिळाला आहे तो वाचावा. विंडोज प्रणालीत शोधाच्या चौकटीत सीएमडी ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहिली असता काळी खिडकी उघडते. तीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द, मग जागा सोडून तिरपी रेघ व 'ऑल' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा. संगणकाचा पत्ता, दरवाजा, नामनिर्देशक, मुदत आणि पत्ता देणाऱ्याचा स्वतःचा पत्ता ही सर्व माहिती पडद्यावर येते. ती कागदावर उतरून घ्यावी आणि चांगल्या चालणाऱ्या संगणकावरील माहितीशी ताडून पाहावी. निम्मे निदान येथेच होते.

पत्ता काय सांगतो?

*पत्ता १६९.२५४ ने आरंभ होत असेल तर* संगणकाने हाक दिली पण कोणी उत्तर दिले नाही, असे समजावे. उत्तर न आल्यास संगणक हा तात्पुरता पत्ता स्वतःच घेतो. अशा वेळी केबल, वायफायची जोडणी, राउटरमधील वाटपाची सोय बंद तर झाली नाही ना, आणि वाटावयाचे पत्ते संपले तर नाहीत ना, हे पाहावे.

पत्ते संपणे ही आजकाल कित्येक कचेऱ्यांतील अडचण आहे. राउटरला शंभरपासून एकशे एकोणीसपर्यंतचे पत्ते वाटण्यास दिले असतील तर ते अवघे २० होतात. कचेरीची पाच यंत्रे असली तरी सभासदांचे मोबाइल वायफायला जोडले गेले की प्रत्येक मोबाइल एक पत्ता अडवितो. मुदत सात दिवसांची असेल तर मोबाइल घरी गेला तरी त्याचा पत्ता मोकळा होत नाही. ज्या लॅपटॉपला तार व वायफाय दोन्ही जोडलेली आहेत, तो एकटा दोन पत्ते घेतो. उपाय तीन : वाटपाची मर्यादा वाढवावी, मुदत काही तासांवर आणावी, आणि पाहुण्यांसाठी राउटरमध्ये निराळ्या वायफायची सोय असल्यास ती सुरू करावी. कचेरीच्या वायफायचा सांकेतिक शब्द भिंतीवर लिहून ठेवू नये.

*डीएचसीपीसमोर 'नो' असे दिसत असेल तर* पत्ता कोणी तरी पूर्वी हाताने भरून ठेवला आहे. राउटर बदलल्यावर असा जुना पत्ता निरुपयोगी ठरतो. जोडणीच्या मांडणीत जाऊन पत्ता व नामनिर्देशक दोन्ही आपोआप घेण्याची सोय निवडावी.

*एकच पत्ता दोन यंत्रांस लागला आहे अशी सूचना येत असेल तर* छपाई यंत्राचा संशय प्रथम घ्यावा. छपाई यंत्रास हाताने स्थिर पत्ता देण्याची रीत आहे, व ती योग्यच आहे. परंतु तो पत्ता वाटपाच्या मर्यादेत असेल तर राउटर तोच पत्ता एखाद्या संगणकास देऊन बसतो. मग पावती कधी निघते, कधी निघत नाही. छपाई यंत्राचा पत्ता मर्यादेबाहेरचा असावा. त्याहून चांगली रीत म्हणजे यंत्राच्या अंगावरील बारा अक्षरी मॅक क्रमांक राउटरमध्ये नोंदवून त्यासाठी पत्ता राखून ठेवावा. यंत्राचा पत्ता बदलल्यास संगणकातील छपाईच्या मांडणीतही तो बदलण्यास विसरू नये.

*पत्ता धड दिसतो पण इतरांच्या मालिकेतला नाही, असे असेल तर* जाळ्यात दोन वाटपकर्ते झाले आहेत असे समजावे. एका पाटावर दोन पाटकरी नेमले आणि दोघांनी आपापल्या मनाने पाळ्या दिल्या, तर भांडण ठरलेलेच. येथेही तसेच घडते; ज्याचे उत्तर आधी पोहोचते, त्याचा पत्ता संगणक घेतो.

*पत्ता व मालिका दोन्ही बरोबर असून काम होत नसेल तर* काळ्या खिडकीत 'पिंग' हा शब्द व पुढे दरवाजाचा पत्ता लिहावा. उत्तर आले तर कचेरीतील जाळे शाबूत आहे. मग बाहेरील एखाद्या ठिकाणास आकड्यांनी, उदाहरणार्थ ८.८.८.८ या पत्त्यास, हाक द्यावी. आकड्यास उत्तर येते पण नावास येत नाही, तर दोष नामनिर्देशकाचा होय. आकड्यासही उत्तर येत नसेल तर लाईन पुरविणाऱ्यास कळवावे.

दुरुस्ती झाल्यावर 'आयपीकॉन्फिग' पुढे तिरपी रेघ देऊन प्रथम 'रिलीज' व नंतर 'रिन्यू' असे लिहिले असता संगणक जुना पत्ता सोडून नवा मागून घेतो.

मार्चअखेरच्या कचेरीत काय घडले असावे?

आता आरंभीच्या कचेरीकडे वळावे. दोन्ही संगणकांची माहिती शेजारी शेजारी मांडली. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१०४ व पत्ता देणारा १९२.१६८.१.१, दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.०.१०३ व पत्ता देणारा १९२.१६८.०.१. म्हणजे दोघांचे वाटपकर्ते निराळे! शोध घेता असे दिसते की, संचालक मंडळाच्या सभेच्या खोलीत वायफाय पोहोचत नव्हते, म्हणून तीन दिवसांपूर्वी तेथे दुसरा राउटर आणून जोडला होता. जुन्या मुदतीवर दोन दिवस निभावले. रात्री वीज गेली, सकाळी संगणकाने नव्याने हाक दिली आणि सभेच्या खोलीतील राउटरने आधी उत्तर दिले. त्या राउटरकडे बाहेर जाण्याची वाटच नव्हती. त्यामुळे खाते उघडेना.

उपाय साधा आहे. तात्काळ त्या राउटरची केबल काढावी, दुसऱ्या संगणकाचा पत्ता सोडवून नवा घ्यावा आणि रांग पुढे सरकू द्यावी. सायंकाळी सवडीने दुसऱ्या राउटरमधील वाटपाची सोय बंद करावी, त्यास पहिल्याच्या मालिकेतील पण वाटपाच्या मर्यादेबाहेरचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, असा पत्ता द्यावा आणि कचेरीची केबल त्याच्या लॅन खाचेत जोडावी. मग तो केवळ वायफाय पसरविण्याचे काम करील, पत्ते वाटण्याच्या भानगडीत पडणार नाही.

काय करू नये?

राउटरच्या मागील बारीक छिद्रातील कळ उगीच दाबू नये. तिने लाईनची सर्व मांडणी पुसली जाते व लहान बिघाडाचा मोठा होतो. एका वेळी अनेक गोष्टी बदलू नयेत; एक बदल करावा, परिणाम पाहावा व तो लिहून ठेवावा. राउटरमधील मूळचा सांकेतिक शब्द तसाच राहू देऊ नये, आणि बदललेला शब्द गटसचिवांखेरीज आणखी एका जबाबदार व्यक्तीजवळ मोहोरबंद पाकिटात असावा.

एक वही ठेवावी

प्रत्येक सोसायटीने कपाटात एक स्वतंत्र वही ठेवावी. तीत राउटरचा पत्ता, वाटपाची मर्यादा व मुदत, छपाई यंत्राचा राखीव पत्ता, प्रत्येक यंत्राचा मॅक क्रमांक आणि कोणते यंत्र केव्हा जोडले याची तारीखवार नोंद करावी. वरील उदाहरणात "सभेच्या खोलीत दुसरा राउटर जोडला" एवढी एक ओळ कोणी लिहून ठेवली असती, तर शोधास पाच मिनिटेही लागली नसती.

सहकारी संस्थेचे बळ तिच्या हिशेबाच्या चोखपणात आहे. हिशेब वहीतून यंत्रात गेला, तरी तो चोख ठेवण्याची जबाबदारी माणसांवरून यंत्रावर गेलेली नाही. रांगेत उभ्या राहिलेल्या सभासदाचा भरणा त्याच दिवसाच्या तारखेला पडावा, यासाठी गटसचिवाने व कर्मचाऱ्यांनी पत्त्यांची ही थोडीशी विद्या आत्मसात करणे अगत्याचे आहे.