उन्हाळी टेनिस शिबिर आणि घामाचा हिशेब

वार्षिक परीक्षा संपल्या की गावोगावी उन्हाळी शिबिरांच्या पाट्या लागतात. पोहणे, चित्रकला, नाट्य यांच्या जोडीला आता टेनिसही आले आहे. टेनिसला कोर्ट लागते. ते प्रत्येक शाळेत नसते, म्हणून अशी शिबिरे विद्यापीठाच्या, मोठ्या महाविद्यालयाच्या किंवा क्रीडासंकुलाच्या आवारात भरतात. प्रौढांनी रोज वापरायची कोर्टे सुटीत काही तास मुलांना मोकळी होतात, ही गोष्ट चांगलीच आहे.

खानदेशात मात्र एक अडचण आहे. मुलांना सुटी मिळते तेव्हाच सूर्य सर्वांत जास्त तापलेला असतो. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पसरलेल्या तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४३ अंश सेल्सिअसपर्यंत सहज चढतो. जळगाव-भुसावळकडे तो कधी ४५च्याही वर जातो. अशा हवेत मुलांना खेळायला पाठवावे का, हा प्रश्न पालक शिक्षकांना विचारतात. त्यावर दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे : "आपली हवा कोरडी आहे, घामसुद्धा येत नाही, मुले सरावलेली आहेत." दुसरे असे : "मे महिन्यात मैदानाचे नावच नको." आमच्या मते दोन्ही उत्तरांत हिशेब केलेला नाही. तो हिशेब नववी-दहावीच्या विज्ञानातून करता येतो. तो येथे मांडत आहोत.

खेळणारे मूल म्हणजे पेटती शेगडी

समजा, गिरणेकाठी बांभोरीजवळच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आवारात पंधरा दिवसांचे टेनिस शिबिर भरले आहे. (जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांसाठी हे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले, बहिणाबाईंचे नाव त्याला २०१८ साली मिळाले.) शिबिरात धुळ्याहून आलेला, ४० किलो वजनाचा एक विद्यार्थी आहे. स्वस्थ बसलेला असताना त्याचे शरीर सुमारे ४५ ते ५० वॉट उष्णता निर्माण करते. टेनिसचा जोरदार सराव करताना हा आकडा सहा-सात पट होतो, म्हणजे साधारण ३०० वॉट.

ही उष्णता शरीरातच साठत गेली तर काय होईल? मानवी शरीराचा विशिष्ट उष्मा किलोमागे दर अंशाला सुमारे ३.५ किलोज्यूल धरतात. म्हणून ४० किलोच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढवायला १४० किलोज्यूल लागतील. ३०० वॉट म्हणजे दर मिनिटाला १८ किलोज्यूल. १४०ला १८ने भागा. दर आठ मिनिटांना एक अंश! अर्ध्या तासात ३७चे ४० अंशांच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण शरीर ही उष्णता सतत बाहेर टाकत असते.

बाहेर टाकण्याचे मार्ग चार : वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. पहिल्या तीन मार्गांना एक अट आहे. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा २८ अंश असेल तर त्वचेकडून हवेकडे उष्णता जाईल. पण हवा ४३ अंश आणि सिमेंटचे कोर्ट त्याहूनही तापलेले असेल, तर हे तिन्ही मार्ग उलट दिशेने वाहू लागतात. मूल हवेला उष्णता देत नाही, हवाच मुलाला तापवते. मग बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो.

माठ, कुलर आणि त्वचा

बाष्पीभवनाने गारवा कसा येतो, हे खानदेशात वेगळे सांगायला नको. माठातले पाणी भांड्याच्या छिद्रांतून पाझरते, बाहेरच्या पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. वाळ्याच्या ताट्या आणि घरोघरीचे कुलर याच तत्त्वावर चालतात. हाच कुलर मुंबईत फारसा उपयोगी पडत नाही, कारण तेथील हवेत आधीच भरपूर बाष्प असते. जळगावची मे महिन्यातली दुपारची हवा कोरडी असते, म्हणून ती ओल्या वस्तूतले पाणी झपाट्याने उचलते.

आपली त्वचा म्हणजे असाच एक माठ आहे. त्वचेवरच्या १ ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खर्च होते. आता आपल्या विद्यार्थ्याचा ताळेबंद मांडू. सकाळी हवा २८ अंश असताना ३०० वॉटपैकी सुमारे १०० वॉट हवेच्या झुळकेबरोबर निघून जातील. उरलेल्या २०० वॉटसाठी तासाला सुमारे ३०० ग्रॅम घाम पुरेल. दुपारी शरीरातल्या ३०० वॉटमध्ये ऊन आणि गरम हवा यांचे आणखी २०० वॉट धरू. एकूण ५०० वॉट, म्हणजे तासाला १,८०० किलोज्यूल. त्यासाठी ७५० ग्रॅम घामाची वाफ व्हायला हवी. दोन तासांच्या सरावात दीड लीटर! तेच मूल, तोच खेळ, पण पाण्याचा खर्च अडीच पट.

"घाम येतच नाही" हा भ्रम

कोरड्या हवेचा खरा धोका येथे आहे. किनाऱ्यावर घाम निथळतो, सदरा अंगाला चिकटतो आणि पाणी जात असल्याचे मुलाला व शिक्षकाला दिसते. खानदेशात घाम त्वचेवर येताच उडून जातो. कपाळ कोरडे, सदरा कोरडा, म्हणून घाम आलाच नाही असे वाटते. घाम आला नसता, तर वर पाहिल्याप्रमाणे आठ मिनिटांना एक अंश या वेगाने ताप चढला असता. तो चढला नाही, हाच घाम आल्याचा पुरावा आहे.

तहान हीदेखील उशिराची सूचना आहे. वजनाच्या २ टक्के पाणी गेले की खेळ मंदावतो, लक्ष विचलित होते आणि हृदयावर ताण वाढतो. ४० किलोच्या मुलात २ टक्के म्हणजे फक्त ८०० ग्रॅम. दुपारच्या खेळात ते तासाभरात जातात. पाणी घटले की त्वचेकडे जाणारे रक्त कमी पडते, घामही कमी होतो आणि उष्णता साठू लागते. शिवाय लहान मुलांच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे गरम हवेतून ती उष्णता अधिक घेतात. त्यांच्या प्रत्येक घर्मग्रंथीतून येणारा घामही प्रौढांपेक्षा कमी असतो.

म्हणून पाणी तहानेवर सोडू नये. दर वीस मिनिटांनी खेळ थांबवून प्रत्येकाने १५० ते २०० मिलिलीटर पाणी प्यावे. तासाभराहून अधिक सराव असेल तर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत, ताक किंवा कैरीचे पन्हे चालेल, कारण घामाबरोबर क्षारही जातात. एकदम दोन-तीन लीटर साधे पाणी पिणे मात्र चुकीचे. त्याने रक्तातील सोडिअमचे प्रमाण धोकादायक रीतीने घटू शकते.

पारा कमी, धोका तेवढाच

धोका किती हे ठरवायला नुसते हवेचे तापमान पुरत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला. भर दुपारच्या उन्हात बसलेल्या लोकांपैकी डझनाहून अधिक माणसे उन्हाच्या त्रासाने दगावली. त्या भागात त्या दिवशीचे कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. जळगावकराला हा आकडा सौम्य वाटेल. पण तेथील हवा दमट होती, आणि दमट हवेत घाम निथळतो पण उडत नाही.

यासाठी तीन तापमानांची बेरीज करणारा एक निर्देशांक वापरतात. त्याचा जन्मही एका प्रशिक्षण शिबिरातच झाला. अमेरिकेत पॅरिस आयलंड येथे नौसैनिकांच्या शिबिरात नवे रंगरूट उष्माघाताने कोसळत. त्यावर उपाय शोधताना याग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून घेतलेले तापमान ७० टक्के, काळ्या पोकळ गोळ्याच्या आतले तापमान २० टक्के आणि सावलीतील हवेचे तापमान १० टक्के, अशी ही बेरीज आहे. ओला फुगा घामाचे काम दाखवतो, काळा गोळा उन्हाचे. ओल्या फुग्याला सर्वांत जास्त वजन का, हे आता सांगायला नको.

नमुन्यादाखल काही आकडे घेऊ. जळगावची दुपार : हवा ४३, आर्द्रता २० टक्के असल्यास ओला फुगा सुमारे २५, काळा गोळा समजा ५५. निर्देशांक १७.५ + ११ + ४.३, म्हणजे जवळजवळ ३३. किनाऱ्यावरची दुपार : हवा ३८, आर्द्रता ४५ टक्के असल्यास ओला फुगा सुमारे २८, काळा गोळा समजा ५०. निर्देशांक १९.६ + १० + ३.८, म्हणजे ३३ हून थोडा जास्त. हवेचा पारा पाच अंशांनी कमी, पण धोका तेवढाच! ३२-३३च्या पुढे मैदानी सराव बंद ठेवावा, असे क्रीडावैद्यकातील अनेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणजे दोन्ही ठिकाणी दुपारचा खेळ बंदच हवा. ऑस्ट्रेलियन ओपन स्पर्धेतही २०१९ पासून तापमान, ऊन, आर्द्रता आणि वारा या चारही गोष्टी मोजून खेळ थांबवायचा की नाही हे ठरवतात.

आता जळगावची सकाळ पाहा. साडेसहा वाजता हवा २८, ओला फुगा २०, काळा गोळा ३२ असेल तर निर्देशांक २३. संध्याकाळी सहाला हवा ३९, ओला फुगा २३, काळा गोळा ४२ असेल तर २८. संध्याकाळी ऊन कलले असले, तरी दिवसभर तापलेले सिमेंट साठवलेली उष्णता परत सोडत असते. म्हणून खानदेशात शिबिराची वेळ सकाळी सहा ते साडेआठ हीच उत्तम. संध्याकाळी खेळायचेच असेल तर सूर्यास्ताच्या सुमारास सुरू करावे आणि सराव हलका ठेवावा.

पहिल्या आठवड्याचे महत्त्व

"मुले सरावलेली आहेत" या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. उष्ण हवेत रोज थोडा थोडा व्यायाम केला की शरीर बदलते. पहिल्या काही दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. पुढे घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यातील क्षार कमी होतात. त्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. या सरावाला दहा ते चौदा दिवस लागतात. मुलांना प्रौढांपेक्षा थोडे अधिक. पण हा सराव उन्हात खेळल्याने होतो, उन्हाळी गावात नुसते राहिल्याने नव्हे. परीक्षेसाठी दोन महिने पंख्याखाली बसलेला मुलगा पहिल्या दिवशी सरावलेला नसतो. उष्णतेचे विकार पहिल्या काही दिवसांतच जास्त आढळतात, त्याचे कारण हेच. म्हणून पहिल्या दिवशी ४० मिनिटे पुरेत. आठवड्याभरात वेळ हळूहळू वाढवावा. ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्या मुलाने पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी.

ऊन लागलेच तर

खेळताना एखादे मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले, विनाकारण चिडले, उलटी झाली किंवा कोसळले, तर तो उष्माघात समजावा. त्वचा कोरडीच असेल असे नाही. खेळताना झालेल्या उष्माघातात ती घामाने ओलीही असते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. मुलाला सावलीत नेऊन गार पाण्याच्या टाकीत किंवा मोठ्या टबात गळ्यापर्यंत बसवावे आणि डोके धरून ठेवावे. टब नसेल तर अंगावर सतत गार पाणी ओतून वारा घालावा. काखेत, मानेवर, जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने पाणी देऊ नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. शिबिर सुरू होण्यापूर्वी पाण्याने भरलेला टब कोर्टाजवळ असलाच पाहिजे. जाळी आणि चेंडू जितके आवश्यक, तितकाच तो आवश्यक.

करून पाहा

१. घामाचे वजन : सरावापूर्वी व नंतर, अंग पुसून, मोजक्याच कपड्यांत वजन करा. वजनातील घट अधिक प्यालेले पाणी म्हणजे गेलेला घाम. (मध्ये लघवीला गेल्यास ती नोंद वगळा.) सकाळ आणि संध्याकाळ यांची तुलना करा.

२. दोन तापमापक : एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची वात गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही सावलीत वाऱ्यावर टांगा. पंधरा दिवस सकाळी सहा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सहाच्या नोंदी घेऊन आलेख काढा.

३. तापलेला चेंडू : एकाच डब्यातले तीन चेंडू घ्या. एक बर्फाच्या पेटीत, एक सावलीत, एक उन्हात तासभर ठेवा. २५४ सेंटिमीटर उंचीवरून सिमेंटवर सोडा. नियमाप्रमाणे २० अंश तापमानाला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. उन्हातला चेंडू अधिक उसळतो, कारण आतल्या हवेचा दाब वाढतो आणि रबरही अधिक लवचीक होते. चेंडूला घाम येत नाही, म्हणून तो तापतच जातो, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

दुसऱ्या प्रयोगाच्या नोंदी जळगाव आणि धुळ्याच्या शाळांनी एकमेकींना पाठवाव्यात आणि कोकणातल्या एखाद्या शाळेकडून तेथील नोंदी मागवाव्यात. तीन आलेख शेजारी ठेवले की मे महिन्यात मुलांनी खेळावे की नाही, या प्रश्नाऐवजी केव्हा आणि किती खेळावे हा नेमका प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारू लागतील, आणि त्याचे उत्तरही त्यांच्याच वहीत असेल.