दगड सुकू दे!

क्लाइंबिंगच्या ट्रिपवर पाऊस आला की प्लॅन बदलतोच. पण बदामीच्या लाल दगडावर पाऊस थांबल्यानंतरही थांबावं लागतं. चार जण, एक व्हॅन आणि डिसेंबरातल्या ओल्या दिवसांची ही गोष्ट.

पावसाळा संपून सह्याद्रीतलं गवत पिवळं पडायला लागलं की पुण्या-मुंबईच्या क्लाइंबर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन नावं हमखास फिरायला लागतात, बदामी आणि हंपी. दोन्ही कर्नाटकात, दोन्ही एका रात्रीच्या ड्राइव्हवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला सीझन. सुट्ट्या जुळवायच्या, रोप, हार्नेस, क्विकड्रॉ, स्टोव्ह आणि मॅगीची पाकिटं गाडीत कोंबायची आणि निघायचं. हॉटेलचा खर्च वाचवायला काही जण गाडीतच मुक्काम करतात.

आमच्याकडे एका मित्राची ईको होती. मागच्या जागेत प्लायवुडची फळी, त्यावर गादी, खाली सामान. दोघांनी व्हॅनमध्ये झोपायचं आणि दोघांनी टेंटमध्ये, असा हिशेब. पाच दिवस बदामी आणि मग परत, एवढा साधा प्लॅन होता. सोलापूर, विजयपूर करत पहाटे बदामीत पोचलो. पहिला दिवस मस्त गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि चार वाजता पाऊस सुरू झाला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की डिसेंबरातही इथवर पाऊस येतो. टेंट गुंडाळला आणि ती रात्र चौघांनी व्हॅनमध्ये काढली. कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी होते, ते विचारू नका.

सकाळी पाऊस उघडला. दहा वाजेपर्यंत लख्ख ऊन. कातळ हाताला कोरडा, चक्क गरम लागत होता. आता चढायला काय हरकत आहे?

वरून कोरडा, आतून ओला

आपला सह्याद्री बेसाल्टचा. बदामीचा दगड मात्र वालुकाश्म. वाळूचे बारीक कण एकमेकांना चिकटून हा दगड तयार होतो. कणांच्या मधल्या पोकळ्यांत पावसाचं पाणी शिरतं आणि कणांना धरून ठेवणारी पकड सैल होते. ऊन पडलं की वरचा थर लगेच सुकतो, आतली ओल मात्र रेंगाळते. बदामीचा वालुकाश्म तसा चांगला घट्ट आहे, म्हणूनच तिथे एवढं क्लाइंबिंग होतं. पण क्लाइंबरचं सगळं वजन अनेकदा बोटाच्या एका पेराएवढ्या कडेवर असतं. कोरड्या दिवशी ती कडा वर्षानुवर्षं वजन पेलते, ओली असली तर मोडू शकते.

म्हणून जगभरचे क्लाइंबर्स वालुकाश्मावर एक नियम पाळतात. पाऊस थांबल्यावर किमान २४ तास थांबायचं. पाऊस जोरदार असेल, ऊन-वारा कमी असेल तर ७२ तासांपर्यंत. आणखी एक सोपी टेस्ट आहे. कातळाच्या पायथ्याची माती थोडी उकरायची. खाली ओल लागली, तर दगडातही ओल आहे असं समजायचं.

आम्ही माती उकरली. चार बोटं खाली गार आणि ओली.

एकच ट्राय, प्लीज!

प्रश्न एवढ्यावर मिटला असता, पण आमच्यातल्या एका मैत्रिणीचा एक रूट तीन सीझन अडला होता. सगळा रूट जमायचा, वरच्या एका मूव्हवर हात सुटायचा. या वर्षी त्यासाठी तिने सहा महिने वॉलवर घाम गाळला होता. जानेवारीत तिचं गुरुग्रामला जॉइनिंग. पुन्हा बदामी कधी, तिलाही माहीत नव्हतं.

‘‘वरून पूर्ण कोरडा आहे रे. एकच ट्राय देते, प्लीज.’’

व्हॅनवाला मित्र आमच्यात सगळ्यात सीनियर. त्याने आवाज चढवला नाही. ‘‘तू पडलीस तर रोप आहे, तुला काही होणार नाही. पण तो होल्ड तुटला तर? मग तो रूट तुझाही नाही आणि नंतर येणाऱ्या कुणाचाच नाही.’’

‘‘आणि मी पुन्हा आलेच नाही तर?’’

याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ती बराच वेळ कातळाकडे बघत बसली. मग उठली, रोप गुंडाळून बॅगेत भरला आणि म्हणाली, ‘‘चला, जेवायला जाऊ.’’

खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी समोर आली तरी चेहरे पडलेलेच. वाढणाऱ्या अक्कांनी मोडक्या हिंदीत विचारलं, काय झालं? आम्ही पावसाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांची काढलेली तूर शेतात भिजत पडलीय. यावर आम्ही काय बोलणार? आमची सुट्टी भिजली होती, त्यांचं वर्षभराचं पीक.

व्हॅन असण्याचा फायदा

दुपारी पट्टदकलला गेलो. बदामीपासून २२ किलोमीटरवर चालुक्यांच्या मंदिरांचा हा समूह १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बदामीची लेणीही याच वालुकाश्मात कोरलेली. तिथल्या तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८ चा शिलालेख आहे. एरवी ट्रिपवर ‘देवळं नंतर बघू’ म्हणणारे आम्ही त्या दिवशी खांब न् खांब बघत होतो. काही मूर्तींच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. पाणी या दगडाचं काय करतं, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

रात्री पुन्हा सर आली, म्हणजे तास पुन्हा शून्यापासून मोजायचे. हातात दोनच दिवस. तेव्हा व्हॅनमध्ये नकाशा उघडला. हंपी साधारण दीडशे किलोमीटर, आणि तिथला दगड ग्रॅनाइट. ग्रॅनाइटचे स्फटिक एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, त्यामुळे पाणी आत फारसं शिरत नाही. ऊन-वारा मिळाला की काही तासांत शिळा चढण्याजोग्या होतात. हॉटेलचं बुकिंग असतं तर पैसे बुडाले असते. आमचं घरच चाकांवर, स्टार्टर मारला की झालं!

हंपीत रोपची गरज पडली नाही. तिथे बोल्डरिंग, म्हणजे बुटक्या शिळांवर रोपशिवाय चढायचं आणि खाली जाड क्रॅश पॅड टाकायचे. २००३ मध्ये ‘पिलग्रिमेज’ या फिल्ममधून अमेरिकन क्लाइंबर ख्रिस शर्माने या शिळा जगाला दाखवल्या. पॅड भाड्याने घेतले आणि दोन दिवस बोटांची सालं निघेपर्यंत चढलो. मैत्रीणही चढली, हसली, पडली. परतीच्या वाटेवर मात्र खिडकीला डोकं टेकून गप्प होती. तिचा रूट राहिला तो राहिलाच. हंपीने ट्रिप वाचवली, पण ती भरपाई नव्हती, आणि तसं कुणी म्हटलंही नाही.

सोलापूरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘होल्ड जागेवर आहे ना, बास. येईन कधीतरी.’’

पावसाने प्लॅन बदलला तर...

- निघतानाच प्लॅन बी ठरवा. तो वेगळ्या प्रकारच्या दगडाचा असेल तर उत्तम.
- हवामान खात्याचा अंदाज रोज बघा. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अॅप फोनमध्ये असू द्या. गडगडाट ऐकू आला की कातळाचा माथा सोडा.
- वालुकाश्मावर २४ ते ७२ तास थांबा. हात लावून ठरवू नका, पायथ्याची माती उकरून बघा.
- सह्याद्रीत पावसानंतर निसरडं आणि सुटे दगड जास्त धोक्याचे. हेल्मेट काढू नका.
- ओला रोप व्हॅनमध्ये तसाच कोंबून ठेवू नका. सावलीत मोकळा पसरून वाळवा.
- व्हॅन ओढ्याच्या पात्रात किंवा कड्याच्या पायथ्याशी लावून झोपू नका.
- एकानेही ‘नको’ म्हटलं तर नको. त्या दिवशी बहुमत चालत नाही.