केळ्याच्या जामला अंबाडीचा आधार

केळीचे भाव कोसळले की रावेर-यावल पट्ट्यातल्या बातम्यांत एक सल्ला हमखास येतो: नुसती केळी विकू नका, प्रक्रिया करा, जाम करा. सल्ल्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण ज्यांनी घरी केळ्याचा जाम करून पाहिलाय, त्यांना माहीत आहे की पातेल्यात बहुतेक वेळा तपकिरी, चिकट हलवा उरतो. मग त्यात दालचिनी घाला, चॉकलेट घाला, कॉफी घाला, गुलकंद घाला, अशा वेगळ्या चवींच्या पाककृतींचा मारा सुरू होतो. चवीच्या प्रयोगांना माझा विरोध नाही, उलट ते व्हायलाच हवेत. माझं म्हणणं एवढंच की केळ्याच्या जामचं दुखणं चवीत नाहीच. केळ्याला चव भरपूर आहे. कमी आहे तो आंबटपणा आणि जाम धरून ठेवणारं पेक्टिन, आणि या दोन्ही गोष्टी खानदेशच्या बांधावर आणि आठवडी बाजारात सहज मिळतात. दोन फळांची नवी जोडी जमवायची असेल तर आधी पहिल्या फळात काय उणं आहे ते पाहावं आणि ते भरून काढणारं दुसरं फळ शोधावं.

जाम घट्ट का होतो, हे थोडं सावकाश पाहण्यासारखं आहे. फळ शिजताना पेशीभित्तिकांमधले पेक्टिनचे लांबलचक रेणू सुटून पाण्यात येतात. या रेणूंवर ठिकठिकाणी ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊबंद एकाच लग्नाला आले की असेच वागतात. मांडव मोकळा असेल तर एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. त्यांना एका पंगतीत बसवायचं तर भांडण मिटवणारं कुणीतरी वडीलधारं हवं, आणि लांब जाऊन बसायला जागाच उरणार नाही इतकी गर्दीही हवी. जाममध्ये वडीलधाऱ्याचं काम आम्ल करतं. त्यातले हायड्रोजन आयन पेक्टिनवरचा ऋणभार शमवतात. गर्दीचं काम साखर करते. ती मोकळं पाणी स्वतःकडे ओढून घेते, रेणू जवळ येतात, एकमेकांना धरतात, त्यांची जाळी विणली जाते आणि उरलेलं पाणी त्या जाळीत अडकतं. गर्दी कितीही झाली तरी तेवढ्यानं भांडण मिटत नाही, आणि मोकळ्या मांडवात वडीलधाऱ्याचं कुणी ऐकत नाही. आकड्यांत सांगायचं तर नेहमीचं पेक्टिन धरायला पीएच साधारण २.८ ते ३.५ आणि विद्राव्य घटक ६५ टक्क्यांच्या आसपास लागतात. पिकलेल्या केळ्याचा पीएच ४.५ ते ५.२ असतो, पपईचा बहुधा पाचाच्याही वर. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणजे पाचावरून ३.३ वर यायचं तर हायड्रोजन आयनांचं प्रमाण पन्नास पट व्हायला हवं. अर्ध्या लिंबाच्या चार थेंबांनी ते होत नाही.

आता पातेल्यात काय होतं ते बघू. केळ्याचा गर आणि साखर उकळायला लागते. ढवळणाऱ्या हाताला पाकाची सवय असते, म्हणून डोळे एकतारीची वाट पाहतात. पण एकतारी फक्त साखरेचा दाटपणा सांगते, पेक्टिन धरलं की नाही याबद्दल ती काहीच सांगत नाही. आम्ल नसल्यानं जाम धरत नाही, म्हणून आणखी आटवलं जातं. जास्त वेळच्या उष्णतेनं होतं तेवढं पेक्टिनही तुटतं, साखर काळवंडते आणि केळं पुरतं पिकलेलं नसेल तर उरलेलं पिष्ट फुलून सगळं पिठूळ करतं. हलवा तयार होतो तो असा. जाम खरोखर झाला की नाही ते पाहायला थंड ताटलीवर थेंब टाकावा, मिनिटभर थांबावं आणि बोटानं ढकलावा. वर सुरकुती पडली तर जाळी तयार आहे. थर्मामीटर असेल तर आणखी बरं. समुद्रसपाटीला जाम १०४ ते १०५ अंशांवर उतरवतात. जळगाव-धुळे दोनशे-अडीचशे मीटर उंचीवर असल्यानं इथे पाणीच ९९ च्या थोडं वर उकळतं. म्हणून आधी साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू मोजावा आणि त्यात साडेचार-पाच अंश मिळवावेत.

पेक्टिनच्या इतिहासात एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पाठ्यपुस्तकांत पेक्टिनचा शोध फ्रान्समधल्या नान्सीच्या आंरी ब्राकोनो यांच्या नावावर, १८२५ सालचा, म्हणून नोंदलेला असतो. नाव त्यांनी दिलं हे खरंच. पण त्याच्या ३५ वर्षं आधी, १७९० मध्ये, लुई-निकोला व्होक्लां यांनी एका फळाच्या गरातला हा जेलीसारखा पदार्थ नोंदवला होता. पुढे क्रोमियम आणि बेरिलियम शोधणारे हेच ते व्होक्लां. आणि ते फळ होतं चिंच. गोष्ट इथे संपत नाही. गर काढून आपण जे चिंचोके टाकून देतो, त्यांच्यातही धरणारा पदार्थ आहे. १९४० च्या दशकात देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतल्या टी. पी. घोष आणि एस. कृष्णा यांनी चिंचोका हा पेक्टिनचा व्यापारी स्रोत होऊ शकतो असं मांडलं. पुढच्या अभ्यासातून कळलं की तो रासायनिकदृष्ट्या पेक्टिन नाही, झायलोग्लुकन नावाची वेगळीच शर्करा-साखळी आहे. पण त्यानं पदार्थाचं मोल वाढलंच, कारण या साखळीवर पेक्टिनसारखा ऋणभार नाही, म्हणून साखरेच्या सोबतीत ती आम्लाशिवायही धरते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देणाऱ्या आपल्या लोकांना या पदार्थाची ताकद पिढ्यानपिढ्या माहीत होती. जपानमध्ये आज तो खाद्यपदार्थांत सर्रास वापरला जातो. इथे मात्र चिंचोका अजून सारीपाटाच्या खेळातच अडकलाय, आणि घोष-कृष्णा ही नावं अन्नविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच सांगितली जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आंबटपणा चिंचेतही आहे, पण केळ्याच्या जोडीला माझं पहिलं मत लाल अंबाडीला. अंबाडीची भाजी आणि कळण्याची भाकरी खानदेशात कुणाला सांगावी लागत नाही. पण हिवाळ्यात तिला येणारी मांसल लाल बोंडं सरबतापलीकडे फारशी जात नाहीत. वाखासाठी लावतात ती अंबाडी वेगळी. इथे हवी ती जाड, रसरशीत पाकळीसारख्या वेष्टनाची जात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हिचा जाम घरोघरी होतो, आणि तिथली रीत नीट पाहण्यासारखी आहे. बोंडाच्या आतली हिरवी बीजकोशाची गाठ फेकत नाहीत, ती वेगळी पाण्यात उकळतात. पेक्टिन तिच्यात असतं, आणि गाळून घेतलेलं ते बुळबुळीत पाणीच जामचा आधार ठरतं. लाल वेष्टनांत आंबटपणा आणि रंग असतो. म्हणजे एकाच बोंडात केळ्याच्या दोन्ही उणिवांवरचा इलाज आहे. ठिपके पडलेली, पूर्ण पिकलेली केळी घ्यावी म्हणजे पिष्ट साखरेत बदललेलं असतं. कुस्करल्याबरोबर अंबाडीचा काढा घालून लगेच तापवावं, कारण केळं काळं करणारं विकर आम्लात आणि उष्णतेत मंदावतं. पीएच पट्टी ३.३ च्या आसपास येईपर्यंत काढा घालत जावा आणि साखर त्यानंतर. अंबाडीतलं अँथोसायनिन आम्लातच लाल राहतं, त्यामुळे रंग टिकला हीच आंबटपणा पुरेसा असल्याची डोळ्यांना दिसणारी खूण. आम्लात उकळताना साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, म्हणून असा जाम बाटलीत साखरेचे खडेही धरत नाही. बोंडं नसतील त्या दिवसांत, महाशिवरात्रीच्या सुमारास, कवठ आहे. आंबट, पेक्टिननं भरलेलं आणि वासाला स्वतंत्र. कवठ-केळं-गूळ ही जोडी करताना एक लक्षात ठेवावं: गुळातले क्षार आम्लाचा जोर थोडा मोडतात, तेव्हा कवठ थोडं जास्तच घ्यावं.

पपईची गोष्ट थोडी वेगळी. जळगावच्या उद्योगाच्या इतिहासातच तिला जागा आहे. १९७८ मध्ये भवरलाल जैन यांनी केळ्याची पावडर करणारा एक जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पपेन प्रथिनं तोडतं, म्हणून ताजी पपई घातली की जिलेटिनची जेली पातळ होते. त्यावरून पपईचा जामही जमणार नाही, असं सांगणारे भेटतात. ते चूक आहे. पेक्टिन हे प्रथिन नाही, पपेन त्याला हात लावत नाही, आणि पिकलेल्या फळात पपेन उरतंही थोडंच. पपई अडते ती तिच्या सौम्यपणामुळे. तिला हवी मोसंबीची किंवा लिंबाची साल. सालीच्या आतला पांढरा मगज पेक्टिनची खाणच आहे, बाजारात मिळणाऱ्या पेक्टिनचा मोठा भाग अशाच सालींतून निघतो. मगज उकळून काढलेलं पाणी, लिंबाचा रस, पपईचा गर आणि शेवटी एखादी सुकी लाल मिरची, एवढं पुरे.

इथे चवीच्या जुळणीच्या त्या गाजलेल्या सिद्धांताबद्दल बोलायला हवं. ज्या पदार्थांत सुगंधी रेणू समान, ते एकत्र चांगले लागतात, असं तो सांगतो. केळं आणि लवंग दोन्हींत युजेनॉल आहे, म्हणून केळं-लवंग जाम उत्तम, असा युक्तिवाद ऐकू येतो. जाम चांगला लागेलही. पण २०११ मध्ये बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी ५६ हजारांवर पाककृती तपासल्या, तेव्हा हा नियम पाश्चात्त्य स्वयंपाकात दिसला आणि पूर्व आशियाई स्वयंपाकात उलटला. २०१५ मध्ये आयआयटी जोधपूरच्या गणेश बागलर आणि सहकाऱ्यांनी अडीच हजारांवर भारतीय पाककृती घेतल्या, त्यांत महाराष्ट्रीयही होत्या. निष्कर्ष असा की आपला स्वयंपाक समान रेणू असलेले पदार्थ एकत्र आणणं टाळतो, आणि यात मसाल्यांचा वाटा सगळ्यात मोठा. मग आयत्या तक्त्यांवरून जाम का जुळवायचे? शिवाय कुठलाच तक्ता उष्णतेचा हिशेब करत नाही. सातपुड्यातल्या सीताफळाचा जाम ऐकायला फार आकर्षक वाटतो. पण सीताफळाचा गर तापला की कडवट होतो, म्हणूनच बासुंदीत तो दूध गार झाल्यावर घालतात. सीताफळाला जामच्या पातेल्यात घालूच नये.

पेक्टिनची पुडी मिळत असताना ही यातायात कशाला, असं कुणी विचारेल. पुडी जरूर वापरावी. पण नेहमीच्या पुडीलाही आम्ल लागतंच, आणि नुसत्या सायट्रिक आम्लानं पीएच उतरला तरी अंबाडी-कवठाचा स्वाद येत नाही. दुसरा आक्षेप साखरेचा आहे आणि तो रास्त आहे. जाम म्हणजे बहुतांश साखरच, आरोग्याच्या नावानं तो विकू नये. चटणीसारखा चमचाभर, भाकरीबरोबर खावा. मात्र साखर निम्मी करून तीच बाटली कपाटात ठेवणं धोक्याचं आहे. दाट साखरेमुळे जंतूंना पाणी मिळत नाही. ती कमी केली की बुरशी धरते, आणि पीएच ४.६ च्या वर असेल तर बोट्युलिझमच्या जंतूलाही वाव मिळतो. कमी गोड जाम थोडाच करावा, फ्रिजमध्ये ठेवावा, लवकर संपवावा.

राहिला सगळ्यात मोठा दावा, जाम केळी उत्पादकाला तारेल हा. तो मला पटत नाही. नियमानुसार जाममध्ये किमान ४५ टक्के फळ लागतं. वीस किलोच्या घडातून साल-दांडा वजा जाता १२-१३ किलो गर निघतो, त्याचा २५ किलोहून जास्त जाम होतो. दहा टनांच्या एका ट्रकचा १३-१४ टन. इतका जाम खाणार कोण? भाव पडल्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रकांची रांग जामच्या बाटल्यांत मावणार नाही, तिला साठवण, वाहतूक आणि निर्यातच लागते. जाम हा घराचा आणि बचत गटाचा उद्योग आहे, आणि त्या मापात तो चांगला चालू शकतो. बाजारात चव वेगळी आहे म्हणून पहिली बाटली विकली जाते, पण दुसरी विकली जाते ती जाम नीट धरलेला आणि टिकलेला असेल तरच. म्हणून रावेर, यावल, शिरपूरच्या गटांना माझी विनंती आहे: लेबलं छापण्याआधी पीएच पट्ट्यांची एक डबी घ्या, आणि यंदाच्या पावसाळ्यात केळीच्या बांधावर लाल अंबाडीची एक ओळ लावून बघा.