पहिल्या तासापूर्वीची वीस मिनिटे

महाड शहरातील कितीतरी मुलांना सकाळी रिक्षा थेट शाळेच्या फाटकाशी आणून सोडते. पोलादपूरच्या डोंगरांतील वाड्यांवरची मुले पायवाटेने खाली उतरतात. पहिल्या तासाला बाकावर बसताना या दोहोंपैकी अभ्यासास अधिक तयार कोण असेल? उत्तर वाटते तितके सरळ नाही.

चालण्याच्या बाजूने पुरावा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील चार्ल्स हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात नऊ-दहा वर्षांची वीस मुले होती. वीस मिनिटे बेताच्या वेगाने चालून आल्यावर त्यांचे अवधान अधिक स्थिर राहिले आणि वाचनाचे आकलनही सुधारले. शुद्धलेखन व गणित यांत मात्र फरक आढळला नाही. तेव्हा चालण्याने गुण वाढतात, असे छातीठोकपणे कोणी सांगू लागल्यास पालकांनी जरा सबुरीने घ्यावे. चालणे मुलाला धडा शिकवत नाही. धडा ऐकण्याजोगी जाग आणते, आणि हेही थोडके नव्हे.

रिक्षाने जाणाऱ्या मुलाला ही जाग सहज मिळू शकते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. त्यामुळे मिळालेल्या वेळातील वीस मिनिटे चालण्याला द्यावीत. महामार्गाची कड टाळून आतल्या रस्त्याने चार मुलांनी मिळून, एखाद्या मोठ्या माणसासोबत जावे. आषाढ-श्रावणातील झडीत ओटीवर किंवा माजघरात सूर्यनमस्कार घालावेत.

वाडीवरच्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे नियम सांगतो. पण डोंगरातला किलोमीटर पायांनाच कळतो. उपाशीपोटी चढउतार करून आलेले मूल वर्गात पेंगते, ते आळशी म्हणून नव्हे. शाळेतला पोषण आहार मिळेपर्यंत बराच वेळ जातो. म्हणून निघण्यापूर्वी त्याच्या पोटात नाचणीची भाकरी किंवा वाटीभर आंबील जायलाच हवी. शिक्षकांनीही अशा मुलाला आल्याबरोबर कवायतीला उभे करू नये. पाणी प्यायला आणि दम खायला दहा मिनिटे द्यावीत.

आणखी एक गोष्ट, जी या भागात विसरून चालणार नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे आणणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचेच. पायवाटेने जाणाऱ्या मुलाच्या पायांत बंद बूट असावेत आणि घालण्यापूर्वी ते रोज उलटे करून झटकावेत. दंश झालाच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.